दोघांचं माप

कादरभाईंनी तिसऱ्यांदा टेप लावला, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि टेप सोडून दिला. तो खटकन आपल्या डबीत शिरला. "हितेंद्रभाऊ," ते म्हणाले, "माप दोघांचं येतंय." हितेंद्र गाडीवर एकटाच बसला होता. दोन्ही हात हँडलवर, तोल राहावा म्हणून पायाचे अंगठे तेवढे जमिनीला लागलेले. मागं वळून बघावं असं त्याला वाटलं, पण तो हँडलकडेच बघत राहिला. शनिवारची सकाळ होती. जळगावच्या अजिंठा चौफुलीच्या अलीकडच्या त्या गॅरेजात ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि शेजारच्या हॉटेलात कुणीतरी भजी तळायला घेतली होती. भ्यावं असं तिथे काहीही नव्हतं. हितेंद्र एमआयडीसीतल्या पाइपांच्या कारखान्यात तपासनीस होता. दिवसभर कॅलिपर घेऊन पाइपांची जाडी मोजायची, पास की नापास ते लिहायचं, हे त्याचं काम. माणसं वाटेल ते सांगतात, माप सांगत नाही, असं तो बावीस वर्षं मानत आला होता, आणि माप चुकलंच तर मोजणाऱ्याचा हात चुकतो असं नव्या माणसांना बजावत आला होता. कादरभाईंचा हात मात्र चुकणाऱ्यातला नव्हता. मागच्या चाकाच्या आसापासून सीटखाली खडूने मारलेल्या रेघेपर्यंत ते मोजत होते. गाडी मोठ्या स्टँडवर असताना, चाक हवेत असताना, चौदा इंच दोन सूत. एक माणूस बसला की गाडीने इंचभर खाली यावं. ती आली होती पावणेदोन इंच. "मागं हात तर टेकवला नाही ना? मग सासुरवाडीहून लाडू येत असणार," कादरभाई म्हणाले आणि आपल्याच विनोदाला हसले. हितेंद्रही हसला. हसताना मागची सीट रिकामी आहे हे त्याच्या पाठीला कळायला हवं होतं, ते कळत नव्हतं.

गाडी दोन वर्षं जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती. मागची रिम वाकडी झालेली, टायरला भेगा पडलेल्या. "भंगारात घाला ती," असं त्याच्या बायकोने, कामिनीने, वर्षभर सांगून पाहिलं आणि मग सांगणं सोडून दिलं. गेल्या सोमवारी धुळ्याहून मोहिनीचा फोन आला. मोहिनी त्याची धाकटी बहीण. आई गेल्याच्या दहाव्या दिवशी ती त्याच्याशी शेवटचं बोलली होती, त्यानंतर थेट आता. हालहवाल नाही, काही नाही. "भाऊ, रविवारी ये. तीच गाडी घेऊन ये," एवढंच म्हणाली. त्याने "कशाला?" असं विचारेपर्यंत फोन ठेवलेला होता. मग त्याने ताडपत्री काढली आणि गाडी टेम्पोत घालून कादरभाईंकडे आणली. त्या जुन्या मॉडेलची अठराची रिम जळगावात कुठे मिळेना. कादरभाईंनी दुसऱ्या एका गाडीचं सतराचं चाक बसवलं, वर रुंद टायर. चाक लहान झालं तशी गाडी मागून अर्धा-पाऊण इंच बसली, तोंड वर करून उभी राहिली. साइड स्टँडवर लावली तर इतकी सरळ उभी, की वाऱ्याने पलीकडे पडेल. "आता मागचे शॉकअप चढवून घ्यावे लागतील," कादरभाई म्हणाले. म्हणजे स्प्रिंगेखालची कडी आकडीच्या पान्याने एकेक खाच फिरवायची. जितकी वरची खाच तितकी स्प्रिंग आवळलेली, गाडी तितकी उंच आणि कडक. साधं काम. चहा येईस्तोवर होणारं. पान्याची आकडी कडीत अडकवायला ते डाव्या बाजूला उकिडवे बसले आणि तसेच थांबले.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. डावा शॉकअप चौथ्या खाचेवर होता, उजवा दुसऱ्या. हितेंद्र म्हणाला, "मीच. आई मागं बसायची, एका अंगाने. गाडी डावीकडे ओढायची. म्हणून डावी बाजू चढवली." सावद्याकडे, त्याच्या गावाकडे, ही जुनी रीत होती. बायका मागं बसणार त्या डाव्या अंगाला पाय सोडून. साडी चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड, पाय ठेवायला छोटी पट्टी, आणि ज्याला आपल्या माणसाची फार काळजी तो डावा शॉकअप दोन खाचा वर चढवणार. त्याला हे सुपडूमामाने शिकवलं होतं, केळीच्या बागेच्या बांधावर, पाना हातात देऊन. कादरभाईंनी कपाळावर हात मारून घेतला नाही, पण मारल्यासारखंच तोंड केलं. "भाऊ, खाली चिमटा एकच ना? चाक एका चिमट्यात, दोन्ही शॉकअप त्याच चिमट्यावर. डावीकडून आवळा की उजवीकडून, आवळली जाते बठ्ठी, सगळी गाडी. ओढ तर जातच नाही. वर मागचा भाग दगड होतो दगड. मागं हलकं माणूस असेल तर गतिरोधकावर फेकलं जातं, उडतं वर. पुढच्याला पत्ता पण लागत नाही, कारण स्प्रिंग हलतच नाही." त्यांनी हे पान्याने कडी सोडवता सोडवता सांगितलं. सहज. त्यांना काही ठाऊक नव्हतं. हितेंद्रचे कान एकदम गार झाले. शेजारच्या कढईत भजी पडल्याचा आवाज फार लांबून आल्यासारखा आला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. त्याने तर आईसाठी केलं होतं, आणि जे झालं होतं त्याला नाव नव्हतं.

दोन वर्षं तो स्वतःला समजावत आला होता. रस्ता वाईट होता, गतिरोधकावर पांढरे पट्टे नव्हते, आई वयाने हलकी झालेली होती, तिला झापड आली असेल. पस्तीस-छत्तीस किलोंची शेवंताबाई, सुती नऊवारी, सीटमागच्या कडीला धरून बसायची. त्याच्या खांद्याला हात कधी लावायची नाही. "तुले गाडी चालवू दे नीट, मी काय पोरगी हाये का?" म्हणायची. माघातली सकाळ होती. सावद्याहून फैजपूरला नात्यातल्या साखरपुड्याला निघालेले ते दोघे. केळीच्या ग्रुपवर, म्हणजे बागांतला माल जमा होतो त्या वखारीवर, ट्रक भरणं चालू होतं, पानांच्या ओलसर वासाने रस्ता भरलेला. तो गतिरोधक कुठला हे त्याला पक्कं आठवत होतं: ग्रुपच्या फाटकासमोरचा, उंच. गाडी त्यावरून गेली. दणका बसला असेल, त्याला तो बसल्याचं आठवत नव्हतं. तो बोलत होता. जळगावच्या घरात खाली एक खोली काढली आहे, जिना चढायचा नाही, दारातच नळ आहे, हे सांगत होता. सहा वर्षं तो आईला जळगावला ये म्हणत होता आणि सहा वर्षं ती "पाहू" म्हणत होती. गतिरोधक गेला, दुसरा ग्रुप गेला, कालव्यावरचा पूल गेला. पुलानंतर त्याने विचारलं, "मग येशील ना आता, कायमची?" आणि मागून आलं, "हं." तो इतका हरखला की पुढचा अर्धा-पाऊण किलोमीटर त्याने गाडी हळूच चालवली. फैजपूरच्या अलीकडे पेट्रोल पंपावर त्याने पाय टेकवले आणि म्हणाला, "उतर जरा." कुणी उतरलं नाही. सीट रिकामी होती. साडीगार्डला केळीच्या सोपटाचा एक धागा अडकलेला होता, वाऱ्याने हलत होता.

उलटं वळताना गाडी खड्ड्यात आदळली आणि रिम वाकली, ती तेव्हा. आई गतिरोधकाशीच होती. तोवर ट्रक भरणाऱ्या माणसांनी तिला सावलीला नेऊन ठेवलं होतं, डोक्याखाली गोणपाट दिलं होतं. एकाने म्हटलं, "दादा, आम्ही लई आवाज दिले तुमाले. तुम्ही बोलतच जात होते." ती शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. गतिरोधक ते पेट्रोल पंप हे अंतर हितेंद्रने नंतर दुसऱ्याच्या गाडीवर जाऊन मोजलं होतं. मोजल्याशिवाय त्याला राहवेना. एक किलोमीटर सातशे मीटर. पूल गतिरोधकाच्या पुढे नऊशे मीटरवर. म्हणजे त्याने विचारलं तेव्हा मागं कुणी नव्हतं, आणि "हं" आलं होतं. आईचा होता तो, घशातून आलेला, शेवटी किंचित वर गेलेला. वाऱ्याचा नव्हता, साखळीचा नव्हता. ही गोष्ट त्याने कामिनीला सांगितली नव्हती, मोहिनीला नव्हती, कुणालाच नव्हती. दहाव्या दिवशी मोहिनीने सगळ्या भावकीसमोर विचारलं होतं, "भाऊ, तुले समजलं कसं नही?" आरडाओरडा नाही, रडणं नाही. खरंच विचारत होती. माणूस मागून गेलं आणि गाडीला, पाठीला, कशालाच समजलं कसं नाही? त्याच्याजवळ उत्तर असतं तर ती त्याची बहीण राहिली असती असं त्याला आजही वाटत होतं. उत्तराऐवजी त्याच्याजवळ फक्त तो "हं" होता, आणि तो असा होता की बहिणीला सांगितला तर एकतर तिने त्याला वेडा म्हटलं असतं नाहीतर कायमचं तोडलं असतं. त्या दिवसापासून तो कुठल्याही गाडीवर बोलला नव्हता. कामिनी मागं बसली तरी नाही. न जाणो, आपण काही बोलायचो आणि ती गप्प असताना मागून कुणी उत्तर द्यायचं.

"उतरा," कादरभाई म्हणाले, "मी बसतो, तुम्ही मोजा." त्यांनाही तो आकडा बोचत होता, कारागीर माणसाला तेवढं पुरतं. कादरभाई चांगले ऐंशी किलोंचे, हितेंद्र सत्तरचा. दोन्ही बाजू आता दुसऱ्या खाचेवर आणलेल्या. कादरभाई बसले, हितेंद्रने टेप लावला. एक इंच एक सूत. बरोबर, एका माणसाचं. मग हितेंद्र बसला आणि कादरभाईंनी मोजलं. दोन इंचांना एक सूत कमी. कादरभाईंनी टेप पुन्हा लावून पाहिला. मग म्हणाले, "स्प्रिंग थकली असेल, पडून पडून." हितेंद्रने मान हलवली. गाडी दोन वर्षं मोठ्या स्टँडवर उभी होती, मागचं चाक हवेत, स्प्रिंगेवर कशाचाही भार नसलेली, हे त्याने सांगितलं नाही. आणि थकलेली स्प्रिंग ऐंशी किलोंखाली उभी राहते आणि सत्तरखाली बसते, हे कसं, हे कादरभाईंनीही विचारलं नाही. त्यांनी दोन्ही बाजू एकेक खाच चढवायला पाना घेतला. हितेंद्र म्हणाला, "नको. मऊच ठेवा. जितकी मऊ होईल तितकी." "खाली बसेल. टायर रुंद आहे, साडीगार्डला घासेल. साडीगार्ड काढून टाकू का? आता कोण बसतंय," कादरभाई म्हणाले. "नको," हितेंद्र इतक्या चटकन म्हणाला की कादरभाईंनी वर पाहिलं. "माणूस चढलं-उतरलं की मला कळलं पाहिजे, कादरभाई. एवढंच पाहिजे मला." कादरभाईंनी साडीगार्डच्या बोल्टांखाली दोन-दोन वायसर घालून तो बाहेर सरकवला, शॉकअप दोन्हीकडे दुसऱ्याच खाचेवर ठेवले, साखळी ओढून घेतली, हेडलाइटचं तोंड खाली केलं. निघताना हात पुसत म्हणाले, "सावकाश जा. गाडीचं तोंड हलकं लागेल तुम्हाला. मागं वजन आहे असं समजून चालवा."

रविवारी तो आठला निघाला. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. चौपदरी रस्ता कसा तापत जातो हे त्याला माहीत होतं, पण या गाडीवरून त्याला तो परका वाटत होता. पुढचं हँडल हलकं, वळणावर उशिरा वळणारं. मागचं चाक लहान, त्याचा आवाज वेगळा, अधिक जवळचा. प्रत्येक सांध्यावर गाडी मऊपणे खाली जाऊन वर येत होती, आणि वर येताना जरा उशीर करत होती, डावीकडून किंचित जास्त. मागं बसलेलं माणूस बूड सावरून घेतं तेव्हा गाडी अशी करते. हितेंद्रला हे हजार वेळांचं ओळखीचं होतं. लहानपणी त्याचे वडील, जीवराम, आईला मागं आणि त्याला टाकीवर घेऊन यावलच्या बाजाराला न्यायचे, आईने बूड सावरलं की वडील न वळता म्हणायचे, "बसली ना?" आणि ती म्हणायची, "हं." नवरा-बायकोचं सगळं बोलणं तेवढंच. वडील गेले तेव्हा त्याला वाटलं होतं, आता ते विचारणं आपल्याकडे आलं. आणि आलंही होतं; वीस वर्षं तो "बसलीस ना?" विचारूनच गिअर टाकत आला होता. आता पारोळ्याच्या अलीकडे उतारावर ते शब्द त्याच्या तोंडात आले, दातांशी आले. त्याने ओठ घट्ट मिटले. भीती वाटत होती, हे खरंच. पण आपण विचारलं आणि उत्तर आलं नाही तर काय, याची भीती त्याहून मोठी आहे हे त्याला तिथे, ट्रकांच्या रांगेमागे धूळ खात, प्रथमच उमगलं. जळगावला खालची खोली अजून तशीच होती. पलंग, चादर, दारातला नळ. कामिनी आठवड्यातून एकदा झाडून घ्यायची. कायमची येशील ना, असं त्याने विचारलं होतं, तिने हो म्हटलं होतं; आणि ती शब्दाची पक्की बाई होती.

पारोळ्याला तो चहाला थांबला नाही. थांबायचं तर उतरावं लागलं असतं, आणि उतरताना मागं बघणं आलं असतं. फागण्याच्या पुढे रस्त्याकडेच्या टपरीवर त्याने फक्त पाय टेकवून पाण्याची बाटली घेतली, आणि दोन घोट पिऊन, का ते न कळता, बाटली मागच्या कडीशी दोरीने बांधून ठेवली. मग त्याला आठवलं. आई धुळ्याला यायची तेव्हा बाटली न्यायची, सावद्याच्या घरच्या नळाची. मोहिनीच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं, आणि लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा मायने पिऊ नये हे शेवंताबाईच्या आईने तिला सांगितलं होतं. ती सकाळच्या बसने यायची, लेकीच्या ओट्यावर बसायची, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायची, आपली शिदोरी सोडायची आणि उन्हं कलली की उठायची. मोहिनीने ताट वाढलं की हात जोडायची. "शिवू नको म्हन्ते का मी तुले? पन आपल्यात नही चालत, माय." मोहिनी पहिली काही वर्षं भांडली, मग रडली, मग बारा वर्षांतली शेवटची दोन-तीन नुसती बघत राहिली. आपल्या रिकाम्या कुशीचा हिशेब आई पाण्यात करते, असं ती एकदा हितेंद्रला म्हणाली होती. त्याने तेव्हा "जाऊ दे, जुनी माणसं" असं काहीतरी म्हटलं होतं, जसं अशा वेळी सगळेच भाऊ म्हणतात.

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलनीत तो पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते. घरासमोर मोकळा प्लॉट, त्याभोवती कच्चा रस्ता, कोपऱ्यात कडुनिंब. मोहिनी फाटकाशी उभी होती, सुती साडीत. घरी ती एरवी पंजाबी ड्रेस घालायची. शेजारच्या ओट्यावरून म्हाताऱ्या निंबा आबांनी हाक दिली, "कोन शे वं, मोहिनी?" ती म्हणाली, "मना भाऊ शे, आबा." ते 'मना' ऐकून हितेंद्रला कसंतरी झालं. सावद्याची 'माझा' म्हणणारी पोरगी धुळ्याची होऊन गेली होती, आणि तो दोन वर्षं इथे नव्हता. मोहिनीने त्याला आत ये म्हटलं नाही. ती गाडीभोवती फिरली. नवं चाक पाहिलं, साडीगार्डवरून हात फिरवला, मागच्या कडीला बांधलेली बाटली पाहिली.

हितेंद्र गाडीवरून उतरला नव्हता. बोलायचं तर बसूनच, नाहीतर आपल्याकडून होणार नाही हे त्याला माहीत होतं. "मोहिनी," तो म्हणाला, "डावा शॉकअप मी चढवलेला होता. आईची बाजू. ती एका अंगाने बसते म्हणून. कादरभाई मेस्त्री काल म्हणाले, त्याने मागचं माणूस उडतं. आणि पुढच्याला कळत नाही. तू विचारलं होतंस ना, कळलं कसं नाही. म्हणून कळलं नाही." एवढं बोलून तो थांबला. मग बाकीचंही बोलला, कारण आता ठेवून काय करायचं होतं. "पुलाच्या पुढे मी तिला विचारलं, कायमची येशील ना. ती हं म्हणाली. तेव्हा ती मागं नव्हती. मला ऐकू आलं, मोहिनी. तुझी शपथ." मोहिनी कडुनिंबाकडे बघत होती. तिचा चेहरा आईसारखा होत चालला होता, गालांकडून. ती रागावली नाही. "दोन वर्षं मी एकच गोष्ट करून बघायची म्हणत होते," ती म्हणाली. "तुझ्या मागं बसायचं आणि मधेच उतरायचं. तुला कळतं का ते बघायचं. खरंच कळत नसेल तर मग तुझ्यावर राग धरण्यात अर्थ नाही. म्हणून बोलावलं. तू हे सांगशील असं वाटलं नव्हतं." "आता तर मऊ केली आहे मी," तो म्हणाला. "आता कळेल." "तरी बसते," ती म्हणाली. "तोंड पुढं ठेव. आरशात बघू नको. तिच्याशी बोलत होतास तसा बोल. मी हं म्हणणार नाही. कळलं की सांग."

त्याने आरसे वळवून घेतले. ती डाव्या अंगाने बसली, पट्टीवर पाय ठेवून, त्याला हात न लावता, कडी धरून. गाडी खाली गेली. मऊ स्प्रिंग, जायलाच हवी. पण जितकी जायला हवी तितकी गेली नाही. जरा गेली आणि थांबली, तिथे आधीच कुणी टेकून बसलं असावं तशी. त्याने पहिला गिअर टाकला आणि माणसाच्या चालीने प्लॉटभोवती गाडी काढली. दोन वर्षांनी तो गाडीवर बोलू लागला. पहिले शब्द फुटतच नव्हते. खाली खोली काढली आहे, तो म्हणाला. जिना नाही. नळ दारातच आहे, पाणी सकाळी येतं. कामिनी झाडून घेते. पलंग खिडकीशी लावलाय, तिकडून गल्ली दिसते. मागून काही आलं नाही. साखळी कुरकुरत होती, खाली मुरूम चिरडत होता. पहिला फेरा झाला. कडुनिंबाची सावली अंगावरून गेली. तो बोलत राहिला आणि बोलता बोलता त्याला उगाचच रडू येऊ लागलं. "इतकी वर्षं तू हिच्याकडे आलीस आणि संध्याकाळी उठून गेलीस," तो म्हणाला. हे तर त्या दिवशीच्या बोलण्यातलं नव्हतं. "हिला किती वाईट वाटायचं, माहीत आहे का तुला? एकदा तरी राहायचं होतंस." दुसरा फेरा संपत आला. समोर मोहिनीचं फाटक आलं.

फाटकासमोर गाडी वर आली. अगदी स्पष्ट. डावीकडून सुटली, मागची स्प्रिंग उघडली, चिमट्याशी टक्कन एक बारीक आवाज झाला आणि हँडल, सकाळपासून हलकं लागत असलेलं हँडल, हातात भरून आलं. कुणीतरी सावकाश, साडी सावरून, पाय टेकवून उतरलं होतं. बावीस वर्षं मापं घेतलेल्या त्या माणसाला पहिल्यांदाच टेपशिवाय इतकं नेमकं कळलं. त्याने ब्रेक दाबला. "उतरलीस," तो म्हणाला. "आत्ता उतरलीस. इथे."

त्याच्या उजव्या खांद्यावर मागून हात पडला. उबदार, काचेच्या बांगड्यांचा. "मी बसलीय, भाऊ," मोहिनी त्याच्या कानाशी म्हणाली.

दोघंही हलले नाहीत. इंजिन चालू होतं. निंबा आबा ओट्यावर पेपर चाळत होते. समोर फाटक, फाटकामागे चार हात अंगण, अंगणापुढे तो ओटा, जिथे शेवंताबाई आपली बाटली शेजारी ठेवून बसायची. सगळं रिकामं आणि उन्हाने भरलेलं. मोहिनीने विचारलं, "कुठं उतरली?" तिच्या आवाजात आता तपासणी नव्हती. हितेंद्रने इंजिन बंद केलं. "तुझ्या दारात," तो म्हणाला. तिने खांद्यावरचा हात काढला नाही. "कळलं तुला," ती म्हणाली. मग ती उतरली. गाडी पुन्हा वर आली, एका माणसाएवढी.

मोहिनीने मागच्या कडीला बांधलेली बाटली सोडली, झाकण काढून उरलेलं पाणी कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं. "चल आत," ती म्हणाली. तिने फाटक उघडलं, आणि हितेंद्र आत आल्यावरही लावलं नाही, तसंच मागं उघडं ठेवलं, आणि माठातलं पाणी आणायला घरात गेली.